सगळे डावे पाय

टेबलाच्या कडेवर खडूने काढलेला एक बाण होता. तो मीच काढला होता आणि मीच पुसला. तळहाताने, एका फटक्यात. पाठीमागे पंचवीस-तीस माणसं उभी होती. पुसून झाल्यावर मी मागे वळलो आणि म्हणालो, "कुठे आहे? इथे तर काहीच नाही."

हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी झोपेबद्दल बरंच बोलणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस झोपेच्या आडून स्वतःला सोडवून घेतोय. तसं नाही. बाण काढल्याचं मी विसरलो, ते झोप न झाल्यामुळे. पुसला तेव्हा मी टक्क जागा होतो.

मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर आहे. मूळचा मंद्रूपकडचा. घरची शेती भावाकडे, मी विसाव्या वर्षी शहरात आलो आणि कात्री धरली ती आजपर्यंत. आमचं काम असं असतं: पाच-सहा माणसं झोपतील एवढं लांब टेबल, त्यावर कापडाचे शंभर-सव्वाशे थर एकावर एक लावलेले. सर्वांत वरच्या थरावर मी खडूने मापं आखतो आणि उभ्या पात्याच्या मशीनने सगळे थर एकदम कापतो. शिंप्याची चूक एका कपड्यापुरती असते. माझी चूक झाली की ती एका दमात शंभर वेळा झालेली असते.

थर लावायचं काम अक्काकडे होतं. तेलुगू घरातली बाई, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. सगळा कारखाना तिला अक्काच म्हणायचा. माझ्या टेबलावर ती अकरा वर्षं होती. कापडाची सुलट बाजू कोणती हे आम्ही उजेडात धरून बघतो, ती नुसतं अंगठ्याने चाचपून सांगायची. एकदा नव्या कारागिरांनी तिचे डोळे ओढणीने बांधून पैज लावली होती. दहापैकी दहा तुकडे तिने बरोबर सांगितले आणि वर म्हणाली, "आता तुमी बांधा डोळे, मी तुमची बायको वळकायला सांगते."

थर लावायच्या दोन रीती आहेत. सगळी गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे, म्हणून जरा समजावतो. एक रीत 'समोरासमोर'. कापड टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचं, तिथे दुमडायचं आणि परत आणायचं. मग एका थराचं तोंड दुसऱ्या थराच्या तोंडाला भिडतं. अशा वेळी वरती पँटीचा फक्त डावा पाय आखला तरी चालतं. खालच्या थरात तोच आपोआप उजवा होऊन निघतो. दुसरी रीत 'एकच तोंड'. काही कापडं फिरवून धरली की रंग फिका मारतात. त्यांचा प्रत्येक थर वेगळा कापून, तोंड वर करून लावायचा. तिथे मात्र डावा आणि उजवा असे दोन्ही पाय आखावे लागतात. नाहीतर सगळे डावेच निघतात.

अक्का चौथीपर्यंत तेलुगू शाळेत शिकलेली. मराठी अक्षरं ती लावून लावून वाचायची. म्हणून आम्ही दोघांनी एक खूण ठरवली होती. रोज सकाळी त्या दिवसाच्या कापडासाठी टेबलाच्या कडेवर मी खडूने बाण काढायचो, दर दिवशी नव्या जागी, आणि तो माल शिवून होईपर्यंत पुसायचो नाही. एकमेकांकडे तोंड केलेले दोन बाण म्हणजे समोरासमोर. एकटा बाण म्हणजे एकच तोंड. ही खूण आमच्या दोघांचीच होती. बाकी कुणाला तिच्याशी देणंघेणं नव्हतं.

आता झोपेचं सांगतो.

गणवेशाचा हंगाम मार्चअखेरीला सुरू होतो आणि शाळा उघडून आठवडा होईपर्यंत चालतो. म्हणजे नेमका सोलापूरचा उन्हाळा. वर पत्रा, खाली आम्ही. त्या दिवसांत मी सकाळी सातला कारखान्यात जायचो आणि रात्री अकरा-साडेअकराला निघायचो, सलग दोन-अडीच महिने. रविवार हा वार फक्त कॅलेंडरवर असायचा. लोक विचारायचे, "मास्तर, झोपता कधी?" मी म्हणायचो, "चार तासांत माझी झोप पुरी होते." हे वाक्य मी किती अभिमानाने म्हणायचो! जणू कमी झोपणं ही माझी पदवी होती. डोळे मिटायला लागले की डोळ्यांखाली बाम चोळायचा, माठातलं पाणी मानेवर ओतायचं, चहा प्यायचा आणि पुन्हा उभं राहायचं. एकदा शेठनी माझा टेबलावर वाकलेला फोटो काढून आपल्या मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं होतं, 'याला म्हणतात डेडिकेशन.' तो फोटो मी माझ्या भावाला, मेहुण्याला, शेजाऱ्याला, सगळ्यांना पाठवला. आज बघतो तर त्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत.

शेठ वयाने माझ्यापेक्षा लहान, वडिलांमागे कारखाना सांभाळणारे. मी त्यांना राक्षस ठरवणार नाही. त्यांनी मला कधी बांधून ठेवलं नव्हतं. त्यांनी फक्त शाबासकी दिली. ती मला पुरली.

माझे वडील बैलाला उन्हात जुंपायचे नाहीत. दुपारी बारा वाजले की औत सोडायचे, बैल लिंबाखाली बांधायचे आणि स्वतः तिथेच धोतराचा सोगा तोंडावर घेऊन घोरायचे. कुणी हटकलं तर म्हणायचे, "बैलाला इचार, त्यो सांगंल." मी त्यांच्या त्या घोरण्याला गावंढळपणा समजायचो. शहरात येऊन मी शिकलो काय, तर बैलाला जी सवलत होती ती स्वतःला द्यायची नाही.

शरीर हिशेब सोडत नाही, ते आतून सूचना देत राहतं. मी एकच माप दोनदा घ्यायचो. डबा खाल्ला की नाही हे डबा उघडून बघितल्यावर कळायचं. स्कूटरवरून घरी पोचायचो आणि मधला रस्ता आठवायचाच नाही. नवी वेस कुठे गेली, रेल्वे पूल कुठे गेला, काही पत्ता नाही. एकदा कापता कापता पातं आखलेल्या रेषेच्या बोटभर पुढे गेलेलं दिसलं. ती बोटभर जागा मी कापली होती, पण कापताना मी तिथे नव्हतो. डाव्या हातात तारेचा हातमोजा होता, म्हणून बोटं राहिली. मी इकडेतिकडे बघितलं. कुणी पाहिलं नव्हतं. मग ते मीही पाहिलं नाही असं ठरवलं.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली ती सकाळ. सव्वासात वाजले होते. टेबलापाशी मी आणि अक्का दोघंच होतो, बाकीचे कारागीर नऊला यायचे. निळ्या पँटीच्या कापडाचे नवे तागे आले होते. मी एक तुकडा फिरवून बघितला. उलटा धरला की रंग फिका मारत होता. मी म्हणालो असणार, "अक्का, हे एकच तोंड लावा." कडेवर मी एक बाण काढला. अक्काने माझ्याकडे बघून विचारलं, "मास्तर, निद्र न्हाय झाली का?" तेलुगूत झोपेला निद्रच म्हणतात. ती झोपेची चौकशी नेहमी तिच्या भाषेत करायची. मी हसून म्हणालो, "निद्र जूनमध्ये."

हे सगळं मला नंतर, पुष्कळ नंतर आठवलं. त्या दिवशी दहा वाजता मी आखायला घेतलं तेव्हा यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. जणू कुणी पाटी धुऊन ठेवली होती. लख्ख सकाळ होती, खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं, आणि मी हाताच्या सवयीने फक्त डावा पाय आखला. एकशेवीस थर. तासाभरात कापून गठ्ठे बांधून शिवणाऱ्यांकडे दिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका कारागिराने दोन पाय जोडायला घेतले. जुळेनात. त्याने दुसरी जोडी घेतली, तिसरी घेतली. मग तो उभा राहिला आणि एक डावा पाय हवेत नाचवत ओरडला, "मास्तर, ही लंगडीची शाळा हाय का हो?"

"लंगडीची न्हाय, कवायतीची," दुसरा म्हणाला. "डाव्वा! डाव्वा! डाव्वा! उजवा न्हायच."

सगळे हसले. शिवणाच्या मशिनी एकेक करत थांबल्या. हसणं वरपर्यंत गेलं आणि शेठ जिना उतरून खाली आले. त्यांनी गठ्ठे उलगडले. सगळे डावे पाय. दुसऱ्या ताग्यातून उजवे कापावेत तर त्याचा रंग एक छटा गडद. एक पाय निळा आणि दुसरा त्याहून निळा, अशी पँट कोणती शाळा घेणार? माल चार दिवसांत द्यायचा होता.

"मास्तर, हे काय आहे?"

"मी समोरासमोर सांगितलं होतं," मी म्हणालो. आणि ऐका, तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो. देवाशपथ मला तसंच वाटत होतं.

अक्का पुढे आली. "न्हाय मास्तर. एकच तोंड म्हणलात की."

"मी का म्हणेन? मग दोन्ही पाय आखले नसते का मी?"

"ते मला काय ठाऊक? तुमी म्हणलात. बाण बी काढलात. हाय की तितं, कडंला."

मी टेबलाच्या त्या टोकाला गेलो. मला खात्री होती की तिथे दोन बाण असतील. तिथे एक होता. माझ्या हाताचा, माझ्या वळणाचा, शेपटीला जरा वाकडा. त्या क्षणी सगळं लख्ख झालं. थर तिने बरोबर लावले होते. चूक आखण्यात होती, माझी होती.

माझी पाठ सगळ्यांकडे होती. इतक्या वर्षांत माझ्या हातून असली चूक झाली नव्हती. फोटो स्टेटसला गेला होता. मनात एवढंच आलं की हा बाण दिसला तर 'डेडिकेशन' गेलं. हात टेबलावर फिरला. बाकीचं वर सांगितलंच आहे.

अक्का माझ्याकडे बघत राहिली, तोंडाकडे नाही, जरा खाली. शेठ चिडलेले होते, त्यांना एक माणूस हवा होता. ते म्हणाले, "अक्का, वय झालं तुमचं. लक्ष राहत नाही. उद्यापासून नका येऊ." आणि माझ्याकडे वळून, "मास्तर, तुम्ही तरी किती ठिकाणी लक्ष देणार?" एवढ्या मोठ्या जागेत एकही मशीन चालू नव्हती. प्रत्येकाला प्रत्येक शब्द ऐकू गेला.

अक्काने पिशवी उचलली, आत डबा ठेवला, चपला घातल्या. दारातून तिने मागे वळून बघितलं नाही. मी त्या दिवशी रात्री साडेअकरापर्यंत काम केलं. वेगळ्या ताग्यांतून जुळवाजुळव करत माल पूर्ण केला. शेठनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. ते मी ऐकून घेतलं.

मी सुधारलो असेन असं वाटत असेल तर नाही. उलट आणखी जागायला लागलो. जितका जास्त जागेन तितका मी निर्दोष, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

मे महिन्यात एका दुपारी बायकोला दातांच्या डॉक्टरकडून घरी आणत होतो. सिग्नलला थांबलो. थांबलो एवढंच आठवतं. पुढचं आठवतं ते म्हणजे स्कूटर एका बाजूला कलंडलेली, सिग्नल हिरवा, आणि माझ्या पाठीला भिडेल एवढ्या अंतरावर एसटीचं तोंड. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ काका, रस्ता हाय ह्यो, माजघर न्हाय! घरी जाऊन झोपा की!"

बायको तोवर उतरली होती. गालाला कापूस धरून ती म्हणाली, "मी चालत येते."

"अगं, बस. काही झालं नाही."

"झालं असतं तर इचारायला तुमी न्हाय आणि सांगायला मी न्हाय." आणि ती खरंच त्या उन्हात दोन किलोमीटर चालत आली. घरी आल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "झोपेचा एवढा राग का हो तुमाला? ती काय माझी सवत हाय का?"

तेव्हाही मी हसण्यावारी नेलं. पण त्या हंगामानंतर मी दोन दिवस सलग झोपलो आणि उठलो तेव्हा एप्रिलमधली ती सकाळ जशीच्या तशी समोर उभी होती. खिडकी, निळं कापड, 'निद्र न्हाय झाली का'. पुरती झोप झाली की माणसाला आठवतं, हेच बहुतेक मला नको होतं.

या वर्षी मार्चमध्ये हंगाम सुरू झाला. अक्काच्या जागी एक नवी बाई आली होती, तिशीतली, चटपटीत. पहिल्याच दिवशी मी कडेवर लिहिलं 'समोरासमोर'. तिने पदराखालून मोबाईल काढला आणि त्या अक्षरांचा फोटो घेतला.

"हे कशाला?"

"असू दे की मास्तर. अक्काचं झालं तसं नको."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. रस्त्यात खड्डा असतो, तसा मी एक धोका होतो, आणि ती बाजूने जात होती, एवढंच. रोज सकाळी ती फोटो काढायची. रोज मोबाईलचा तो छोटासा टक् आवाज व्हायचा. आठ दिवस मी तो ऐकला. नवव्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये गेलो.

"शेठ, उद्यापासून मी सहाला कात्री ठेवणार."

"मास्तर, हंगाम आहे."

"हंगाम तीन महिन्यांचा आहे. मी बारा महिन्यांचा आहे."

"इतकी वर्षं जमत होतं की."

"जमत नव्हतं. तुम्हाला दिसत नव्हतं आणि मला कळत नव्हतं."

ते खुर्चीत मागे टेकले. "मग मला दुसरा मास्तर बघावा लागेल."

"बघा. पण झोप त्यालाही येईल."

त्यांनी समोरची बिलवही ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी सहाला मी मशीनचं पातं पुसलं, कात्री खुंटीला लावली आणि निघालो. माझ्या पाठीवर टोमणे आले. "मास्तर, अंथरूण हितंच टाकू का टेबलावर?" मी म्हणालो, "टाक. उशीला तुझं डोकं दे, रिकामंच असतंय." हसणारे हसले. त्या दिवसापासून आजपर्यंत मी सहानंतर पात्याला हात लावलेला नाही. कुणी आळशी म्हणतं, कुणी म्हातारा झाला म्हणतं. म्हणू देत. मी नऊ वाजता दिवा मालवतो आणि झोपतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. चार तासांच्या झोपेवर मिशीला पीळ देणारा कुणी भेटला की मी त्याला विचारतो, "काल दुपारी काय बोललास, आठवतंय का?" बरेच जण गडबडतात. जागरणाला कष्ट म्हणणाऱ्यांचं मी आता ऐकत नाही. ज्याचे डोळे उघडे आहेत पण जो जागेवर नाही, त्याच्या हाताखाली पातं देणारा आणि ते घेणारा, दोघंही गुन्हेगार आहेत. मी घेणारा होतो.

पण झोप पुरी होणं ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी शहराच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत बसली होती.

सहाला निघायला लागलो त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी, कामावर न जाता, अक्काच्या घरी गेलो. ती उंबऱ्यात बसून विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. मला बघून तिची बोटं थांबली नाहीत.

"या मास्तर. वाट चुकलात काय?"

"नाही अक्का. मुद्दाम आलो."

तिने आतून पाणी मागवलं. मी ते प्यालो. मग एका दमात सगळं सांगितलं. बाण मी काढला होता, मला आठवत नव्हतं, मग दिसला, मग पुसला. बोलताना मी जमिनीकडे बघत होतो.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तुमी वळलात तवा तुमचा हात पांढरा झालता. खडूनं. मी बघितलं की."

तेव्हा मला कळलं की त्या दिवशी ती माझ्या तोंडाकडे न बघता खाली कुठे बघत होती.

"मग बोलला का नाहीत?"

"कुणापाशी? तुमी मास्तर." तिने विडीला दोरा गुंडाळला. "मला वाटलं, उद्या सांगताल. मग म्हणलं, परवा. हंगाम झाल्यावर तरी. दोन कारखान्यांत गेलते मी काम मागायला. 'थर उलटे लावणारी अक्का तीच का तुमी?' म्हणले. अकरा वर्षांचं काम माझं, एवढंच नाव राहिलं बघा त्याचं. मग विड्या घेतल्या."

"अक्का, मला माफ—"

"हितं नको." तिने पहिल्यांदा बोटं थांबवली. "हितं काय उपयोग? ह्या भिंतीला ठाऊकच हाय मी काय केलं न्हाय म्हणून. घरात मागितलेली माफी घरातच ऱ्हाती, मास्तर. जितं आळ घेतलात तितं या. टेबलापाशी. सगळे असताना."

"येतो. उद्याच सांगतो."

"आणि मशिनीच्या आवाजात नको. मला बोलले तवा एक बी मशीन चालू नव्हती."

मी उठलो. गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा तिने मागून हाक मारली. "मास्तर, आता निद्र होती का?"

"होते, अक्का."

"मग बरं. उद्या अकराला येते मी."

सोमवारी सकाळी शेठना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. चिडले, मग व्यवहाराचं बोलले. "झालं ते झालं, मास्तर. अक्काला परत बोलवू, हवं तर. पण हे सगळ्यांसमोर कशाला? तुमचा मान जाईल, कारागीर ऐकणार नाहीत तुमचं."

"तिचा गेला तेव्हा सगळ्यांसमोरच गेला."

"बरं, मग संध्याकाळी सांगा, लोक निघताना."

"निघताना कुणी ऐकत नाही, शेठ. आणि मशिनी बंद हव्यात."

"भर हंगामात मशिनी बंद? अजिबात नाही."

मी खाली आलो. अकराला पाच मिनिटं कमी होती. अक्का दारात उभी होती, धुतलेल्या सुती साडीत, हातात तीच पिशवी. चपला काढून ती आत आली नाही, उंबऱ्यापाशीच थांबली. नव्या बाईने तिला बघितलं आणि हातातलं कापड खाली ठेवलं.

मेन स्विच टेबलाच्या मागच्या भिंतीवर आहे. तेवीस वर्षांत मी तो फक्त दसऱ्याला, मशिनींच्या पूजेआधी खाली ओढलेला बघितला होता. मी गेलो आणि खाली ओढला. तीस मशिनी एकदम गप्प झाल्या. पंखे फिरत फिरत थांबले, पत्र्याखालचा उकाडा लगेच अंगावर आला. "लाईट गेली का?" कुणीतरी विचारलं. "गेली नाही, मी घालवली," मी म्हणालो. वरच्या जिन्यावर शेठ आले होते. त्यांनी तोंड उघडलं, मग दारातल्या अक्काकडे त्यांची नजर गेली आणि ते तिथेच उभे राहिले.

मी खिशातून खडू काढला. टेबलाच्या त्याच कडेवर, त्याच जागी, एक बाण काढला. मग सगळ्यांना दिसेल असा तळहाताने पुसला, आणि तो पांढरा हात वर धरून अक्काकडे वळलो. मागच्या मशिनीपर्यंत ऐकू जाईल असा बोललो.

"अक्का, गेल्या वर्षी इथे एक बाण होता. तो मीच काढला होता. एकच तोंड लावा असं मीच सांगितलं होतं. तुम्ही लावलेला एकूण एक थर बरोबर होता, आखताना मी चुकलो. मग मी बाण पुसला आणि खोटं बोललो. चूक झाली तेव्हा मी झोपेत होतो, पण पुसताना जागा होतो. तुमचं नाव मी घालवलं. मला माफ करा."